चहा व आमची अभिरुचि

चहा हें पेय आतां कोणास नवें राहिलेलें नाहीं. आमच्या शिरड शहापुरांत पहांटे थांब्यापाशीं पहिली शेगडी पेटते ती चहासाठींच. शेतावर निघालेला गडी, शाळेस निघालेला विद्यार्थी, मल्लिनाथाच्या मंदिरास आलेले किंवा औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू, हे सर्व प्रथम चहाचीच चौकशी करतात. पाहुणा घरीं आला व त्यास चहा विचारला नाहीं, तर तो अपमान समजला जातो. असें असतां या सार्वत्रिक पेयाविषयीं आपण विचार किती थोडा करतों! वर्गांतील मुलांस "तुमच्या आवडीचा चहा कोणता?" असें आम्ही विचारतों, तेव्हां उत्तर बहुधा एकच येतें: "आमच्या घरचा." उत्तर गोड आहे, व त्यांत आईविषयींचें प्रेमही आहे. तथापि अभिरुचीचा आरंभ घरापासून व्हावा, परंतु तिचा शेवट घरांतच होऊं नये, असें आमचें मत आहे. आणि तें मांडण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी. काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा, चिनी लोकांचा ऊलाँग, हीं निरनिराळ्या झाडांचीं पानें नव्हेत. हीं सर्व एकाच झुडपाचीं अपत्यें होत. वनस्पतिशास्त्रांत त्या झुडपास कॅमेलिया सायनेन्सिस म्हणतात. लहान पानांची चिनी जात व मोठ्या पानांची आसामी जात हे त्याचे दोन मुख्य भेद. पान खुडल्यावर त्याचें काय करावयाचें, यावर पुढचें बरेंचसें अवलंबून असतें. तें लवकरच वाफेनें किंवा कढईंत तापविलें, तर त्याचा हिरवेपणा टिकतो. तें सुकवून, चुरगळून हवेंत राहूं दिलें, तर चिरून ठेवलेलें वांगें जसें काळवंडतें तसें तेंही काळवंडतें, व वाळविल्यावर आपला नेहमींचा काळा चहा तयार होतो. ही क्रिया मध्येंच थांबविली म्हणजे ऊलाँग. आणि कोंवळी कळी फार न हाताळतां नुसती सुकविली म्हणजे पांढरा चहा. मूळ एकच, परंतु संस्कारानें गुण निराळे! शिक्षकाच्या मनांत यावरून कोणता विचार येत असेल, हें पालकांस सांगावयास नकोच. आपल्या परसांतील गवती चहा मात्र नांवाचाच चहा आहे. ती सुगंधी गवताची एक जात आहे.

हिंदुस्थानांत हें पेय आलें कसें, हेंही समजून घेण्याजोगें आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें तेथील वाणी लोक मसाला घालून चहा घेत असल्याचें नमूद केलें आहे. तेव्हां मसाल्याचा चहा ही अलीकडची टूम आहे, असें कोणी म्हणूं नये. पुढें १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस यास आसामांत सिंगफो लोकांच्या मुलखांत चहाचीं झुडपें आढळलीं. 'शोध लागला' असें आपण म्हणतों खरें, परंतु सिंगफो लोक तीं पानें पूर्वीपासूनच वापरीत होते. शोध लागला तो इंग्रजांस. १८३९ सालीं आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्यें झाला. पहिल्या देशी मळेवाल्यांत ज्यांची गणना होते, त्या मणिराम देवान यांस सत्तावन्नच्या उठावांतील आरोपावरून १८५८ सालीं फांशीं दिलें. मळ्यांवर राबण्यासाठीं छोटा नागपूरकडील आदिवासी मजूर कराराच्या बंधनानें नेण्यांत आले, व त्यांतील कित्येक पुन्हा आपल्या गांवीं परतले नाहींत. कप हातीं घेतांना या लोकांची आठवण असावी.

हा चहा पुष्कळ दिवस परदेशीं विकण्यासाठींच पिकत होता. १९०३ सालीं चहावर खास कर बसवून त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. पुढें गांवोगांव फुकट प्याले वांटून लोकांस त्याची गोडी लावण्यांत आली. आज मळ्यांतील बहुतेक माल आपणच संपवितों. आपल्या दुकानांत मिळते ती गोळीदार पूड सुमारें १९३० सालीं आसामांत निघालेल्या यंत्राची करणी आहे. दांतेरी रुळांतून पान चिरडलें, फाडलें व वळविलें जातें. या दाण्याचा रंग लवकर उतरतो, कडकपणा भरपूर असतो, व थोड्या पुडींत पुष्कळ कप होतात. दूध-साखर घालून पिणाऱ्या गरीब संसारास ती सोयीची झाली, म्हणून तिची निंदा आम्ही करणार नाहीं. परंतु ज्यानें केवळ तीच चाखली, त्यानें चहा जाणला असें म्हणतां येणार नाहीं.

आमच्या स्वतःच्या आवडी सांगावयाच्या तर त्या फार थोर नाहींत. सकाळीं आम्हांस आसामचा जाड, दाट रंगाचा चहाच लागतो; दुधाशीं तो उत्तम जुळतो. पावसाळ्यांत आलें ठेंचून व गवती चहाचीं दोन पातीं टाकून केलेला चहा आम्ही कोणत्याही महागड्या पेयाच्या मोबदल्यांत देणार नाहीं. तिसऱ्या प्रहरीं मात्र दार्जिलिंगचा चहा दुधाविना घ्यावा. मार्च-एप्रिलमधील पहिल्या खुडणीचा चहा हलका व फुलासारख्या वासाचा असतो. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणींत पिकलेल्या द्राक्षाची आठवण देणारा एक वास उतरतो. निलगिरीचा चहा स्वच्छ रंगाचा व सुवासिक. लिंबू पिळावयास तो फार चांगला. काश्मिरांतील केशर-वेलदोड्याचा कहवा, तेथीलच मीठ-सोडा घातलेला गुलाबी चहा व लडाखकडील लोणी घुसळलेला चहा हे प्रकार प्रथम चमत्कारिक वाटतात. परंतु त्या थंडीचा विचार केला म्हणजे त्यांतील शहाणपण कळतें.

हीं दूरचीं नांवें ऐकून कोणी असें समजूं नये कीं, आपल्या प्रांतांत वैचित्र्य नाहीं. पुण्यास अमृततुल्याचीं दुकानें आहेत. वेलदोडा घालून पातेल्यांत उकळलेला तेथील चहा प्रसिद्धच आहे. मुंबईस इराण्याचें हॉटेल होतें व कांहीं ठिकाणीं तें अद्यापि आहे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९९९ सालीं परभणीपासून हिंगोली जिल्हा निराळा झाला. त्या जुन्या नात्यामुळें हैदराबादचा इराणी चहा येथील लोकांस परका वाटत नाहीं. त्यांत चहाचा अर्क झांकून मंद आंचेवर ठेवतात, दूध निराळें आटवितात, व दोहोंची गांठ कपांतच घालतात. गुळाचा चहा तर आपल्या आजोबांच्या काळचा. तो आतां शहरांत पाटी लावून विकला जातो. गूळ व दूध एकत्र उकळलें तर दूध फाटण्याचा संभव असतो, म्हणून दूध निराळें तापवून शेवटीं घालावें, ही युक्ति कोणतीही जाणती आजी सांगेल.

"हें सर्व कशासाठीं? चहा तो चहा!" असें कांहीं पालक म्हणतील. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों: शेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आपणांस आनंद झाला कीं नाहीं? "हळद ती हळद" असें परमुलखांतील ग्राहक म्हणूं लागला, तर आपल्या शेतकऱ्याच्या श्रमाची किंमत कोण करणार? असें मानांकन आपल्या देशांत सर्वांत आधीं दार्जिलिंगच्या चहासच मिळालें होतें. ज्यास भेद कळतो, तोच श्रमाचें मोल जाणतो. दुसरा आक्षेप चैनीचा. त्याचा हिशेब मुलांनींच करावा: पानाच्या चहास एका कपास सुमारें अडीच ग्रॅम पान लागतें, म्हणजे शंभर ग्रॅमांत चाळीस कप. चार घरांनीं मिळून असा एक पुडा आणला, तर प्रत्येकाच्या वांट्यास दहा कप येतील. गवती चहा व तुळस यांस तर विकत घेण्याचीही गरज नाहीं.

परंतु या विषयाची खरी बाजू याहून गंभीर आहे. आपण काय पितों यापेक्षां कोणाच्या हातचें व कोणाबरोबर पितों, यावरूनच महाराष्ट्रांत मोठें रण माजलें होतें. १८९० सालीं गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली, व तेथें त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मागाहून त्यांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापलीं गेलीं, आणि एकच गहजब उडाला. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ति रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशीस मंडळ नेमलें गेलें, आणि एवढ्या थोर पुरुषांस एक कप चहासाठीं प्रायश्चित्ताच्या वाटेनें जावें लागलें. राजकारणांत ज्यांचें पटत नव्हतें, त्या दोघांस एका चहानें एकाच आरोपाखालीं आणावें, ही विलक्षण गोष्ट होय.

त्यांस निदान प्रायश्चित्त घेऊन सुटण्याची वाट होती. ज्यांस ती वाटही नव्हती, त्यांची कथा अशी गाजली नाहीं. खेड्यांतील हॉटेलांत कांहीं जातींच्या लोकांसाठीं निराळी कपबशी बाहेर ठेवण्याची रीत होती. त्यांनीं ती स्वतः घ्यावी, चहा वरून ओतून घ्यावा, उकिडवें बसून प्यावा, आणि पुन्हा स्वतःच विसळून जागेवर ठेवावी! पैसे मात्र इतरांइतकेच. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्यानें उपाहारगृहांत प्रवेश नाकारणें व तेथील भांडीं वापरूं न देणें हा गुन्हा ठरविला. कायदा झाला, तरी मनांतील निराळी कपबशी फुटावयास वेळ लागतो. मुलगा मित्राच्या घरीं जातो, मित्राची आई चहा पुढें करते, आणि मुलगा "मी घेत नाहीं" असें खोटेंच सांगतो. हें आजही घडतें. तें त्यास कोणी शिकविलें, याचा शोध प्रत्येक घरानें घ्यावा.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, नवा चहा दुकानांत शोधण्यापूर्वीं शेजारच्या आळींत शोधावा. एका घरीं वेलदोडा असेल, दुसऱ्या घरीं सुंठ, तिसऱ्या घरीं दूध परवडत नाहीं म्हणून लिंबाचा कोरा चहा. तो कोरा चहा पुढें करतांना त्या माउलीच्या मनांत संकोच असतो. मुलानें तो आवडीनें प्यावा व "काकू, फार छान झाला" असें म्हणावें. अभिरुचीचें याहून मोठें शिक्षण आमच्या वर्गांत आम्हांस देतां येत नाहीं.

आतां पालकांस दोन शब्द. वैचित्र्याची आवड म्हणजे दिवसांतून दहा कप रिचविण्याची परवानगी नव्हे. लहान मुलांस चहाची गरजच नाहीं. आणि चहांत पोळी किंवा खारी बुडवून मूल शाळेस पाठविलें म्हणजे न्याहारी झाली, असें समजणें ही मोठी चूक आहे. चहांतील तुरट द्रव्यें भाजी-भाकरींतील लोह शरीरास नीट मिळूं देत नाहींत. म्हणून जेवणापूर्वीं व जेवणानंतर निदान तासभर चहा घेऊं नये, असा आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही सल्ला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या असल्याचें आढळलें. ज्या घरीं मुलगी जेवण टाळून चहावर दिवस काढते, त्या घरीं या आंकड्याचा अर्थ गंभीरपणें घ्यावा.

आणि मोठ्या मुलांस एक सूचना. सुटींत दोन निराळे चहा मिळवा. पाणी सारखें, पूड सारखी, वेळ सारखा ठेवा. काळ्या चहास उकळतें पाणी घाला व तीन-चार मिनिटें झांकून ठेवा. हिरव्या चहास पाणी थोडें निववून घ्या, नाहींतर तो कडू होतो. पहिला घोट साखरेविना घ्या. रंग, वास व चव वहींत लिहून ठेवा; "छान" व "बरा" हे दोन शब्द मात्र वापरूं नका. योग्य शब्द सांपडेपर्यंत पुन्हा एक घोट घ्या. यानें जीभ तर सुधारेलच, परंतु तुमचें मराठीही सुधारेल, असा आम्हांस अनुभव आहे.

शाळा उघडल्यावर या वह्या आम्हांस अवश्य दाखवाव्या. त्यांत दार्जिलिंगचें नांव नसलें तरी चालेल. परंतु ज्या उंबरठ्यापलीकडे आपण पूर्वीं कधीं पाऊल टाकलें नव्हतें, अशा निदान एका घरच्या चहाचें वर्णन त्यांत असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.