कॅमेरा हाती आला, दृष्टीचे काय?

'डिजिटल मीडिया' हा विषय आता शाळा-महाविद्यालयांच्या वेळापत्रकात चांगलाच स्थिरावला आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. २०२५ मध्ये याच क्षेत्रासाठी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' ही राष्ट्रीय संस्था मुंबईत सुरू झाली. 'फोटो काढून पोट भरते काय?' असे कालपर्यंत विचारणारे पालक आता स्वतःच प्रवेशाची चौकशी करू लागले आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे. या वर्गांत नेमके काय शिकविले जाते, हे पाहण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

गेल्या वर्षभरात अशा वर्गांतील विद्यार्थ्यांच्या कामाची तीन-चार प्रदर्शने पाहण्याचा योग आला. कामात सफाई होती. चित्रे स्वच्छ, रंग भडक म्हणावे इतके तेजस्वी, मांडणी नेटकी. पण एका प्रदर्शनातून दुसऱ्यात गेलो तरी जागा बदलल्यासारखे वाटेना. तोच समुद्रावरचा सूर्यास्त, तोच पानावरचा दवबिंदू, त्याच वृद्धाच्या सुरकुत्या कृष्णधवल रंगात. त्या वृद्धाचे नाव काय, गाव कोणते, हे कुठेच लिहिलेले नाही. मराठी भाषा गौरव दिनासाठी केलेल्या एका भित्तिपत्रकावर कुसुमाग्रजांचे रेखाचित्र सुंदर उतरले होते. मात्र त्याखालच्या अक्षरांतील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते. विद्यार्थ्याला ते कळले नव्हते आणि शिक्षकांनाही ते खटकले नव्हते.

हे विद्यार्थ्यांचे न्यून नव्हे. त्यांना सॉफ्टवेअर शिकविले जाते. पाहणे शिकविले जात नाही.

वस्तुतः या विषयात महाराष्ट्र नवखा नाही. छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला तो १८३९ साली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे शोधानंतर अवघ्या सोळा वर्षांनी मुंबईतील मुले हे तंत्र वर्गात बसून शिकत होती. त्याच वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नाणावलेले छायाचित्रकार होते. सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची. तेथील व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. यंत्र परदेशातून आले खरे, पण ते आपल्या हाताला वळविण्याची जिद्द येथे प्रथमपासून होती. ती आज का मंदावली, हा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. आषाढी वारीचे छायाचित्र काढायला आता महाविद्यालयीन मुलांचे थवेच्या थवे जातात. वारकऱ्याचे धोतर, सदरा, टोपी सारे पांढरे. चेहरा मात्र उन्हात रापलेला. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक आंधळा असतो. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो. चौकटीत पांढरा रंग जास्त असला की त्याला वाटते, प्रकाश फार झाला. मग तो प्रकाश कमी करतो. परिणाम असा होतो की पांढरे कपडे करडे, मळकट दिसतात आणि चेहरा काळ्या ठिपक्यासारखा उरतो. डोळे दिसत नाहीत. ज्याच्या मुखावरचा आनंद टिपण्यासाठी आपण पंढरीच्या वाटेवर चार कोस चाललो, त्याचा चेहराच चित्रात नसतो! उपाय साधा आहे. मापकाचे न ऐकता प्रकाश हाताने वाढवायचा, किंवा चेहऱ्यावरून माप घ्यायचे. पण त्यासाठी समोर काय आहे आणि आपल्याला त्यातले काय हवे आहे, हे आधी ठरवावे लागते. मोबाइल ते आपल्यासाठी ठरवून टाकतो आणि मूल निर्णय न घेताच मोकळे होते.

यंत्राच्या या गृहीतकांना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात कोडॅकच्या रंगीत छपाईचे प्रमाण 'शर्ली कार्ड' नावाच्या नमुन्यावरून ठरविले जाई. त्या कार्डावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा नीट उतरली की छपाई बरोबर, अशी ती पद्धत. सावळ्या-काळ्या माणसांचे काय व्हायचे ते होवो. आजच्या मोबाइलमधील 'सौंदर्य' वाढविणारी कळ दाबली की आपल्या मुलींचे चेहरे एकदोन छटा उजळतात, तो याच मानसिकतेचा घरगुती अवतार होय. विठ्ठलाला सावळा म्हणून आळविणाऱ्या घरांतली लग्नाची छायाचित्रे मात्र पिठासारखी पांढरी करून येतात, याचे कोणालाच काही वाटत नाही. डिजिटल मीडियाच्या वर्गात पहिला पाठ याचा व्हायला हवा: सावळी त्वचा जशी आहे तशी, तिच्या तेजासह कशी टिपावी.

अक्षरांचेही तसेच. देवनागरी ही रोमन लिपीपेक्षा वेगळ्या बांध्याची लिपी आहे. तिला डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाशी उकार, ऋकार अशी दोन्हीकडे जागा लागते. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. इंग्रजी शीर्षकाची अक्षरे दूरदूर मांडण्याची सध्या फॅशन आहे. तीच कळ मराठीवर दाबली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे टांगल्यासारखे दिसतात. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही वळणांचा संकेतांक एकच असतो. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात. फक्त मजकुराची भाषा मराठी आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. ते कोणी सांगत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक तर कित्येक फलकांवरून केव्हाच पुसला गेला आहे. एक समुद्र आहे आणि दुसऱ्या डोंगरातल्या. पण फलक रंगविणाऱ्याला दोन्ही सारखेच.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि लिपीचे प्रमाणित रूप जाहीर केले आहे. प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरसाधकाने जाहिरातक्षेत्रात आणि पवईच्या आयआयटीत आयुष्य वेचून संगणकासाठी देवनागरी घडविली. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा फाँट त्यांच्याच हातचा. मुंबईच्या 'एक टाइप' या तरुण मंडळींनी 'मुक्त', 'बलू' यांसारखे फाँट सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. म्हणजे साधनांची वाण नाही. पूर्वी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांची तोंडओळख खेड्यातल्या मुलालाही होत असे. या परीक्षा आजही होतात. मात्र दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे त्यांचा विचार फार थोड्या घरांत होतो. एरवी त्या चित्रकलेच्या तासातच डिजिटल माध्यमाचा पाया आहे. स्मरणचित्र काढलेल्या मुलाला चौकटीत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे निराळे सांगावे लागत नाही.

आता जरा अवघड विषयाकडे वळतो. छायाचित्र ही शोभेची वस्तू आहे, तशीच ती साक्षही आहे. १९१९ च्या जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले आणि त्यांनी बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. लोकमान्य टिळकांची छबी टिपणारे विरकर हेच. त्या खुणा त्यांनी मोठ्या करून दाखविल्या नाहीत, वाढविल्या नाहीत. विटांवर जेवढी छिद्रे होती तेवढीच चित्रात आली, म्हणून ती चित्रे शंभर वर्षांनंतरही कोणाला खोडून काढता आलेली नाहीत. ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ चा दिल्लीतला ध्वजारोहण सोहळा टिपला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या काळी एकेक चित्रचौकट मोलाची असे आणि दिव्याचा बल्ब एकदाच पेटत असे.

या परंपरेचे वारस म्हणविणारे आपण सध्या काय करतो? मोबाइलवर आलेले छायाचित्र कोठले, केव्हाचे, कोणी काढले याचा पत्ता नसताना ते पुढच्या पन्नास जणांना पाठवितो. दुसऱ्या देशातल्या दंगलीचे चित्र आपल्या गावाचे म्हणून फिरते. चित्रफितीचा अलीकडचा-पलीकडचा भाग कापून मधला तेवढा दाखविला जातो. आता तर संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की न घडलेल्या प्रसंगाचे चित्र क्षणात तयार होते. 'विरोधकही हेच करतात' हे उत्तर आपल्या बैठकांतून ऐकू येते. ते करीत असतील. त्यांचा हिशेब त्यांनी द्यावा. परंतु खऱ्या अन्यायाचे खरे छायाचित्र ज्या दिवशी आपण समाजापुढे ठेवू, त्या दिवशी आधीच्या दहा खोट्या चित्रांमुळे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हे नुकसान आपल्याच कार्याचे आहे, आणि ते भरून काढायला वर्षे लागतील.

डिजिटल मीडियाच्या वर्गात तयार होणारी मुले या बाबतीत आपली शिक्षक होऊ शकतात. सावल्यांची दिशा एकमेकींशी जुळते का, पाठीमागच्या फलकावरची अक्षरे वाचता येतात का, गर्दीतला तोच चेहरा दोनदा तर आलेला नाही ना, मूळ फाइलमध्ये तारीख कोणती आहे, हे प्रश्न त्यांना अभ्यास म्हणून सोडवायला द्यावेत. आणि प्रत्येक छायाचित्राखाली स्थळ, दिनांक, चित्रातील व्यक्तीचे नाव आणि तिची अनुमती असल्याची नोंद सक्तीची करावी. वनवासी पाड्यावर जाऊन तेथील मुलांची चित्रे काढायची, ती स्पर्धेत पाठवायची, बक्षीस मिळवायचे आणि त्या मुलांना साधी एक प्रतही न द्यायची, हा प्रकार सेवाकार्याच्या सहलींतूनही घडतो. सेवेचा आणि त्याचा काही संबंध नाही.

स्वाध्याय म्हणून काय द्यावे, असे एका तरुण शिक्षिकेने मला विचारले. मी दादासाहेब फाळक्यांचे नाव सांगितले. फाळके १८८५ मध्ये ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो १९१३ मध्ये. पण त्याआधी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस थोडीथोडी टिपली. अंकुर फुटला, वेल चढली, आणि पडद्यावर ते सारे क्षणांत उलगडले. घरातलेच साहित्य, घरातलीच जागा. चित्रपटाच्या कामात पत्नी सरस्वतीबाईंचा हात. आज हा प्रयोग कोणत्याही मुलाला मोबाइलवर करता येईल. मोबाइल एकाच जागी पक्का बसवायचा, खिडकीचा प्रकाश रोज त्याच वेळी घ्यायचा, महिनाभर एकही दिवस चुकवायचा नाही. संगणकाकडून असे रोप मिनिटभरात काढून घेता येते, हे मुले लगेच सांगतात. त्यांना तेही करू द्यावे आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहू द्यावे. ती शिक्षिका म्हणाली की, महिनाभर एकच गोष्ट करायला पालक तयार होणार नाहीत, त्यांना दर आठवड्याला नवे काहीतरी घरी आलेले हवे असते. तिचे म्हणणे खरे असावे. यात मुलांपेक्षा पालकांचीच परीक्षा अधिक आहे.

आपल्या हातात असलेली एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा आता गावोगावी निघते. येत्या गुढीपाडव्याला यात्रेच्या छायाचित्रणाचे आणि फलकांच्या अक्षरांचे काम आयोजकांनी जवळच्या महाविद्यालयातील अशा विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्यांना थोडे का होईना, मानधन द्यावे. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव छापावे. 'ल' आणि 'श' कसे असावेत ते त्यांना ठरवू द्यावे. आणि यात्रा संपल्यावर संध्याकाळी कार्यालयात बसून कोणी ज्येष्ठ कार्यकर्ता त्या मुलाला म्हणाला की, 'बाळा, मागची रिकामी जागा जरा माणसांनी भरून दे', तर त्या मुलाने संगणक बंद करून घरी जावे, आणि आयोजकांनी दुसऱ्या वर्षी त्यालाच पुन्हा बोलवावे.