आधी मुनीम उठतो

मोंढ्यात एखाद्या आडतीची पत जाते तेव्हा कोणी दवंडी देत नाही. आधी मुनीम काम सोडतो. मग पट्टीचे पैसे ‘परवा या’वर जातात. मग नायगावचा शेतकरी सोयाबीनची पोती गुपचूप शेजारच्या दुकानी उतरवतो. मुनीम उठला त्या दिवशीही आडतीत थप्प्या लागलेल्याच असतात.

शेअर बाजारातही हेच घडते. संगणक-सर्व्हर बनवणारी अमेरिकेतली सुपर मायक्रो ही कंपनी 2024 साली तेजीत होती. एआयच्या लाटेवर तिची वार्षिक विक्री दुपटीहून अधिक झाली होती. तरीही 30 ऑक्टोबर 2024 रोजी एका दिवसात तिच्या शेअरचा सुमारे एकतृतीयांश भाव गेला. मागणी आटली नव्हती; मुनीम उठला होता. हिशेब तपासणाऱ्या अर्न्स्ट अँड यंगने मध्येच काम सोडले होते. त्याआधी ऑगस्टमध्ये, शेअर पडण्यावर पैसे लावणाऱ्या हिंडेनबर्ग या संस्थेचा आरोपांचा अहवाल आला होता आणि पाठोपाठ कंपनीने वार्षिक अहवाल लांबणीवर टाकला होता. नंतरच्या चौकशीत लबाडीचा पुरावा सापडला नाही, असे कंपनीच्या समितीने सांगितले. पण जुने ओझे होतेच. माल गिऱ्हाइकाकडे पोचण्याआधीच विक्री वहीत धरल्याच्या प्रकरणी 2020 मध्ये या कंपनीने 1 कोटी 75 लाख डॉलरचा दंड भरला होता. शिवाय सुटे भाग आणि इतर कामे पुरवणाऱ्या दोन कंपन्या संस्थापक-प्रमुखाच्या भावांच्या. भावाशी व्यवहार करणे हा गुन्हा नाही. पण वजनकाट्यावर भाऊ बसला असेल, तर माप सगळ्यांसमोर व्हावे लागते.

हे फक्त परदेशातच घडते असे नाही. झेनिथ हे मुंबईच्या देशी संगणकांचे एके काळचे ओळखीचे नाव. त्याच घराण्यातल्या झेनिथ इन्फोटेकने परदेशी रोखेधारकांकडून पैसे उचलले होते. 2011 मध्ये कंपनीने आपला एक मोठा व्यवसाय विकला, आणि त्याच सुमारास रोख्यांची परतफेड थकवली. विक्रीचा पैसा आला तो गेला कुठे, हाच प्रश्न उरला. 2013 मध्ये सेबीने कंपनीला व प्रवर्तकांना शेअर बाजाराचे दार बंद केले. रोखेधारकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तोवर शेअरधारकाच्या हाती कागद उरला होता.

याउलट विप्रो. 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाने सुरुवात केलेली ही कंपनी पुढे संगणक बनवू लागली, आणि 2013 मध्ये ते बनवणे थांबवते आहे असे तिने उघड सांगितले. भाव तर अनेकदा चढला-पडला. पण अमळनेरच्या कित्येक घरांनी वाडवडिलांचे शेअर जमिनीसारखे जपले. म्हणजे धंदा बदलला, अगदी एखादा बंद झाला, तरी माणूस सांभाळून घेतो. वही झाकली की मात्र उठतो.

आता नायगावातही डिमॅट खाते खिशातल्या फोनवर आले आहे. ‘निम्म्यावर आलाय, घेऊन टाक’ हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. मोंढ्यात भाव पडलेला दिसला की आपण आधी पोत्यात हात घालून बघतो: दाणा ओला आहे का, माती किती. शेअर घेताना तोच हात खिशात का राहतो? लेखापरीक्षकाने मुदतीआधी काम सोडले, तर त्याची कारणे शेअर बाजाराला कळवण्याचे बंधन आपल्याकडे 2019 पासून आहे. ती नोटीस त्याच फोनवर, त्याच फुकटात दिसते.

अडचण एकच. टिप मराठीत येते, मुनिमाचा राजीनामा इंग्रजीत.