परमिटवर एक ओळ छापा, गडकरी साहेब

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सीमेला लागून हा झांग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथला मा पी लेंग घाट बघायला जगभरातून माणसं येतात, भाड्याने शंभर-सव्वाशे सीसीची गाडी घेतात आणि तीन-चार दिवसांत साधारण साडेतीनशे किलोमीटरचा फेरा मारतात. मीही मारला, पण मागच्या सीटवर बसून. पुढे विशीतला एक पोरगा होता. माझं वय ५२, गेली तीस वर्षं दुचाकीशिवाय दिवस गेलेला नाही, भर पावसातला कसारा घाट अंगवळणी पडलेला, आणि पाठीवरच्या पिशवीत कोरं करकरीत आंतरराष्ट्रीय परमिट. तरी पोरगा वळणावर झुकला की मी त्याच्या खांद्याला धरत होतो.

झालं असं की गाडी भाड्याने देणाऱ्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला : "सिक्स्टी-एट?" मला वाटलं, गाडीचं मॉडेल सांगतायत. त्यांनी माझ्या परमिटची पुस्तिका उघडली, १९४९ या आकड्यावर बोट ठेवलं, हसल्या आणि पुस्तिका मिटून परत दिली. गाडी हवी तर देते म्हणाल्या, पण पुढे पोलीस उभे असतात आणि दंड तुमचा तुम्ही भरायचा.

साहेब, तुम्हाला हे ठाऊक असेलच. मला मात्र परदेशात, गल्ल्यासमोर उभं राहून कळलं, आणि त्यात चूक माझीच होती. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत : १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा. आपलं परमिट निघतं ते १९४९ च्या कराराखाली. व्हिएतनाम २०१४ साली व्हिएन्ना करारात आला आणि तेवढंच मानतो. म्हणजे आपली पुस्तिका खरी, शिक्का खरा, सही खरी, आणि तिथल्या हवालदाराच्या लेखी मी विनापरवाना. २०२५ पासून तिथे १२५ सीसीपर्यंतच्या गाडीवर विनापरवाना सापडलं तर २० ते ४० लाख डाँग दंड आहे. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण आपले ते सात ते चौदा हजार रुपये. दंडापेक्षा मोठी भानगड विम्याची. चालवणाऱ्याकडे त्या देशात चालणारा परवाना नसेल तर अपघाताचा खर्च देणार नाही, असं प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मांडीचं हाड मोडून हनोईच्या खासगी रुग्णालयात पडलेल्या माणसाला ते वाचायला सांगण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की जपानमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे चालतं ते १९४९ चं. व्हिएतनामी माणूस त्याच्या देशाचं परमिट घेऊन टोकियोत उतरला तर त्याला कोणी गाडी देणार नाही, मला देतील. थायलंड दोन्ही करारांत आहे, त्यामुळे फुकेतला आपलं चालतं. पण तिथेही आपली माणसं फसतात, कारण लायसन नुसतं चारचाकीचं असतं आणि परमिटवर दुचाकीच्या 'ए' वर्गापुढे शिक्काच नसतो. स्कूटर काय, कोणीही चालवतं, ही आपली घरची समजूत विमानात बसून सोबत येते.

जे चार दिवसांचे पाहुणे नाहीत, नोकरीसाठी तिथे राहतात, त्यांच्यासाठी व्हिएतनामने वेगळी वाट ठेवली आहे. तीन महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचा व्हिसा किंवा निवासाचं कार्ड असेल तर भारतीय लायसन दाखवून तिथलं लायसन बदलून मिळतं. त्यासाठी लायसनचं व्हिएतनामी भाषांतर लागतं, तेही प्रमाणित, आणि मूळ प्रतीच्या छायाप्रतीला जोडून दोन्ही पानांवर अर्धा अर्धा उमटेल असा शिक्का मारलेलं. हो ची मिन्ह शहरात काम करणारा माझा एक भाचा या शिक्क्यासाठी दोनदा परत गेला. भाषांतरकाराचं घोडं अडलं ते आपल्या कार्डावरच्या 'एमसीडब्ल्यूजी' या अक्षरांशी. गिअरची मोटरसायकल, हे भाच्याने हातवारे करून, शेवटी रस्त्यावरची गाडी दाखवून समजावलं. मूळ लायसनवर दुचाकी नसेल तर मात्र बदलून काही मिळत नाही, परीक्षाच द्यावी लागते. त्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आरटीओच्या मैदानावर पाय न टेकवता आठ काढताना जो घाम फुटला होता, तो तिथल्या पोरांनाही फुटतो तर!

तुमच्या खात्याने या परमिटात काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२१ साली तुम्ही परदेशात असताना मुदत संपली तर दूतावासामार्फत नवं परमिट मागण्याची सोय केलीत, अर्जासोबतची व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट काढलीत. २०२२ साली देशभर एकच नमुना आणलात, त्यावर क्यूआर कोड आला, वेगवेगळ्या करारांतल्या वाहनवर्गांचा तुलनात्मक तक्ता आला. म्हणजे दुसरा करार अस्तित्वात आहे, हे पुस्तिका जाणते. कुठे ती चालणार नाही, एवढंच ती बोलत नाही.

ब्रिटनमध्ये साडेपाच पौंडांत परमिट मिळतं, पण आधी देश सांगावा लागतो. त्यांच्याकडे परमिटं तीन जातींची : १९२६, १९४९ आणि १९६८. कुठल्या देशाला कुठलं लागतं आणि कुठे लागतच नाही, याची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. ती वाचायला वकील लागत नाही.

आपल्या अर्जातही कोणत्या देशांत जाणार हे लिहायचं असतं. नेमक्या त्या रकान्यापाशी मला काहीतरी हवं आहे. 'व्हिएतनाम' लिहिलं की पडद्यावर मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये एक ओळ यावी : हे परमिट त्या देशात ग्राह्य नाही. हजार रुपये भरण्याच्या आधी यावी. पुस्तिकेच्या आतल्या पानावर चालणाऱ्या देशांची यादी असावी. आणि १९६८ च्या नमुन्याचं परमिट देण्याची सोय, किंवा व्हिएतनामशी परस्परमान्यतेचा करार, यांपैकी काय लवकर होईल ते तुमच्या अधिकाऱ्यांनी बघावं. २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास भारतीय त्या देशात गेले. त्यातले किती जण भाड्याच्या स्कूटरवर बसले असतील, हे मी सांगायला नको.

तुम्ही राज्यात बांधकाम मंत्री होतात तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम सुरू झालं. त्या मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्याबद्दल आम्हा दुचाकीवाल्यांची तुमच्यावर थोडी खुन्नस आहेच. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मा पी लेंगवर चहाला थांबलो तेव्हा त्या पोराने मला विचारलं, तुमच्याकडे असे घाट आहेत का? मी मोबाइलवर वरंध घाटाचे फोटो दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारलं, मी तिथे आलो तर माझं परमिट चालेल का?

मी म्हटलं, विचारून सांगतो. तेवढं उत्तर पाठवलंत तर त्याला कळवीन.

आपला,
नाशिकचा एक दुचाकीस्वार