रेनकोट टाकून देण्यापूर्वी

आमचा बीड जिल्हा अवर्षणाचा. पण इथूनच हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि अवकाळी पाऊस त्यांना फडातच गाठतो. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ओल्या कपड्यात माणूस काकडतो. अशा घरांत कापडी रेनकोट ओल धरू लागला की ‘गेला, नवा आणा’ म्हणणे परवडत नाही, आणि माझ्या मते ते शास्त्रालाही धरून नाही.

रेनकोटवर पाण्याचा एक थेंब टाका. तो गोल राहून घरंगळला तर कापड ठीक आहे. थेंबाची कड कापडाशी पाण्याच्या बाजूने जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांहून मोठा असेल तर पाणी धाग्यांच्या फटींत आपण होऊन शिरत नाही. लहान असेल तर वातीत तेल चढावे तसे शिरते.

धनगरांची घोंगडी पहा. मेंढीच्या लोकरीवर लॅनोलिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. घोंगडी सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की लोकर राहते, मेण जाते. रेनकोटवरही कारखान्यात पाणी झटकणारा पातळ थर देतात. तो घासून झिजतो, किंवा मळाने व धुण्याच्या पावडरीच्या उरलेल्या अंशाने झाकला जातो. म्हणून आधी रेनकोट साध्या पाण्यात चार-पाच वेळा खळबळून वाळवा आणि पुन्हा थेंब टाका. थर फक्त झाकला गेला असेल, तर एवढ्यानेच काम भागते.

जाड सुती कापडाला जुना उपाय आहे. ते साबणाच्या पाण्यात भिजवून पिळावे, मग तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवावे. साबण मात्र तेलापासून केलेला हवा. धुण्याची पावडर चालत नाही. दोहोंच्या क्रियेने अ‍ॅल्युमिनियमचा न विरघळणारा साबण तंतूंवर बसतो आणि पाणी अडते. कापड फाटले असेल तर मात्र ठिगळच लावावे लागेल.

‘इतकी खटपट कशाला? बाजारात नवा मिळतो की!’ असे कोणी म्हणेल. पण पाणी झटकण्यासाठी वापरलेली काही फ्लोरिनयुक्त द्रव्ये निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. माती-पाण्यात साचत राहतात. फ्रान्सने २०२५ मध्ये कायदा करून, काही अपवाद सोडता, अशा कपड्यांच्या विक्रीवर २०२६ पासून बंदी घातली. जुना रेनकोट दोन पावसाळे अधिक टिकवणे हेही प्रदूषण टाळणेच आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे : जूनमध्ये शाळा उघडताच मुलांना जुने रेनकोट आणायला सांगा. थेंबाची परीक्षा धुण्यापूर्वी व नंतर घ्या, निष्कर्ष वहीत लिहवून घ्या. पृष्ठताणाचा धडा शिकवून होईल आणि काही मुलांचा पावसाळाही कोरडा जाईल.