वीटवाल्यांचं नाव कुठंय?

म्युझियममधल्या मातीच्या बाहुल्या बघून आपले सौंदर्यवादी लगेच 'आदिम लय' न् 'मातृदेवता' सुरू करतात. त्या जमिनीतून वर कुणी काढल्या, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो.

मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला त्लातिल्को. १९३० नंतरच्या वर्षांत तिथं वीटभट्ट्या होत्या. मजूर विटांसाठी माती खणायचे. खणता खणता माणसांची हाडं लागली आणि हाडांशेजारी बाहुल्या. वीतभर उंचीच्या. भरदार मांड्या, बारीक कंबर, चिरून केलेले डोळे, केसांची एकेक तऱ्हा. कुणाच्या कडेवर पोर, तर कुणाच्या एकाच डोक्याला दोन तोंडं. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांनी घडवून आपल्या मेलेल्या माणसाजवळ ठेवलेल्या. पंडितांनी त्यांचं नाव ठेवलं 'प्रिटी लेडी'. बाईकडं बघायची ह्यांची नजर काय बदलत नाही.

१९३६ च्या सुमारास चित्रकार मिगेल कोवारुबियासला ह्याचा पत्ता लागला. तो मजुरांकडून बाहुल्या विकत घेऊ लागला. दिएगो रिवेरापण जमवायचा. तो तर कम्युनिस्ट. त्यानं जुन्या मेक्सिकोच्या सुमारे ५० हजार वस्तू जमवल्या. त्या मेक्सिकोच्या जनतेला दिल्या, १९६४ साली त्यांचं म्युझियम उघडलं. मान्य. घरी ठेवून सडवल्या नाहीत. पण म्युझियम त्याच्या नावानं ओळखलं जातं, खणणाऱ्याच्या नाही.

शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झालं १९४२ साली. तोवर मजुरांच्या कुदळीनं कितीतरी थडगी फुटली होती. आता पुस्तकवाले हळहळतात, अडाण्यांनी वाट लावली म्हणून. च्यायला, हा कुठला न्याय? पोटासाठी विकणारा तो लुटारू, आणि विकत घेणारा तो रसिक, संग्राहक!

मी गोदीत पेट्या उचलतो. पेटीवर धाडणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. उचलणाऱ्याचं नसतं. ह्या बाहुल्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमपर्यंत पोचल्या. तिथल्या दालनाला रॉकफेलरच्या पोराचं नाव. काचेखाली चिठ्ठी: गाव, काळ, देणगीदार.

घडवणारीचं नाव काळानं पुसलं, समजू शकतो. पण वीटवाले आत्ताचे होते. त्यांना नावं होती, बायकापोरं होती. कोवारुबियासनं त्यांच्याच हातात पैसे मोजले की! मग एकाचं तरी नाव का नाही?

म्युझियमवाल्यांनो, चिठ्ठीत आणखी एक ओळ मावते. मी फोटोत नीट बघितलंय.