वाराचे मास्तर

लातूरास आमच्या पुतणीचे बिऱ्हाड आहे. तिची थोरली कन्या यंदाच्या वैशाखात नेपाळातील एका डोंगरी खेड्यात मुलांस इंग्रजी शिकवावयास गेली. पगार नाही, राहणे-जेवणे गावातील एका कुटुंबात, प्रवासखर्च पदरचा. ज्या लातुरात परगावची मुले शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहतात आणि एकेका गुणाचा हिशोब घरोघर चालतो, तेथे ‘एवढे शिकून फुकट मास्तरकी कशासाठी?’ असे कोणी विचारले तर नवल नाही. आमच्या घरीही ते विचारले गेले.

परवा तिचे पत्र आले, ते सर्वांसमक्ष वाचले. सकाळी दहाच्या आत डाळभात उरकून मुले शाळेस निघतात. पाट्या देवनागरीत असल्यामुळे तिला वाचता येतात, पण अर्थ लागत नाही; तो दुसरीतल्या मुलीकडून विचारून घ्यावा लागतो. आपले शंभर रुपये तेथे एकशे साठ होतात, आणि हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शेवटी तिने लिहिले आहे : “आजोबा, यांच्यात तँ, तिमी आणि तपाईं आहेत, जसे आपल्यात तू, तुम्ही आणि आपण. मुले विचारतात, इंग्रजीत या तिघांस एकच शब्द कसा? मला उत्तर देता आले नाही.”

हा प्रश्न आम्ही पूर्वी ऐकला होता. आमच्या तीर्थरूपांनी तो नांदेडास सुमारे १९४० साली आपल्या इंग्रजीच्या मास्तरांस विचारला होता, आणि ते मास्तरही परमुलखातूनच आलेले होते.

आजच्या वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. परंतु १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड व लातूर निजामाच्या राज्यात होते. लोक पलीकडच्या प्रदेशास ‘इंग्रजी मुलूख’ म्हणत, आपल्या प्रदेशास ‘मोगलाई’. बार्शीकडून १९११ साली लातुरापर्यंत आलेल्या छोट्या आगगाडीतून जो उतरे, त्याच्या खिशातला रुपया ‘कलदार’. येथे चाले तो ‘हाली’. सहा कलदारांस सात हाली मिळत. टपालाची तिकिटे निराळी, कचेरीची भाषा उर्दू. हैदराबादेस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही सर्व विषय उर्दूतून शिकवीत. इंग्रजी मात्र सक्तीचे असे. खाजगी मराठी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. अशा शाळांस मास्तर मिळत ते पुष्कळदा सोलापूर-पुण्याकडून आलेले, आणि पोटापुरत्या वेतनावर राहणारे.

त्यांपैकी एकाचे नाव आज सर्वांस ठाऊक आहे. कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. तेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे धुरीण ठरले. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ १९९४ पासून त्यांच्या नावाने चालते. पण ज्यांची नावे कोणत्याही पाटीवर लागली नाहीत असे मास्तर कितीतरी होते. आमच्या वाड्याच्या माडीवर राहणारे त्यांतलेच एक.

त्यांचा दिनक्रम तीर्थरूपांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला आहे. पहाटे गोदावरीवर स्नान, मग दोन तास तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील वाक्ये, मग शाळा, रात्री कंदिलापाशी वह्या. जेवणास सात घरचे सात वार लावलेले. उर्दूचे अक्षर त्यांस ओळखता येत नसे. मोहतमीम तालिमात, म्हणजे शिक्षणखात्याचे अधिकारी, यांच्याकडे दरखास्त करावयाची झाली की ती अकरा वर्षांचे तीर्थरूप लिहून देत, आणि मास्तर त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसत. सकाळचा शिष्य रात्री गुरू होई. ‘मास्तर चुकले की आम्हांस फार आनंद होई,’ असे तीर्थरूप सांगत.

तो प्रश्न निघाला तेव्हा मास्तर म्हणाले, इंग्रजीतही एकेरी शब्द होता. पण मंडळींनी कालांतराने तो व्यवहारातून टाकला, आणि मानाचा होता तोच सर्वांस राहिला. गोष्ट खरी आहे. तथापि मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गातील प्रत्येक मुलास ‘तुम्ही’ म्हणू लागले. मुलांस हसू आवरेना. मोठ्यांस मात्र हसू आले नाही. कारण गावकुसाबाहेरच्या वस्तीतील एक मुलगा संध्याकाळी आमच्या ओसरीच्या पायरीपाशी बसून त्यांच्याकडे धडा घेई, आणि त्यासही मास्तर ‘तुम्ही, वर येऊन बसा’ म्हणाले.

त्या आठवड्यात मास्तरांचा एक वार बंद झाला. तो गुरुवार होता, आणि गुरुवार आमच्या घरचा होता. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण न लिहिणे अधिक वाईट.

मास्तरांनी तक्रार केली नाही. कोणी विचारले तर ‘गुरुवारी आमचा उपवास असतो,’ एवढेच सांगत. ते आमच्या आजीच्या कानी गेले. आजोबांचा शब्द मोडणे तिला शक्य नव्हते. पण ‘उपासाच्या ब्राह्मणास फराळ देऊ नये असे तर कोणी म्हटले नाही ना?’ असे विचारून तिने भगर, दाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी वर धाडली. पुढे प्रत्येक गुरुवारी ती धाडीत राहिली. आजोबांस हे कळत होते. ते काही बोलले नाहीत. तो मुलगाही पायरीवरून ओसरीवर आला. त्यास मात्र सहा महिने लागले.

नातीस आम्ही हे सर्व लिहून पाठविले आहे, आणि तीन गोष्टी जोडल्या आहेत. तेथल्या मास्तराची जागा आपण घेऊ नये, त्याच्या शेजारी उभे राहावे. शाळेचे वर्ष पुरे होण्यापूर्वी निघू नये. मधेच सुटलेला धडा मुलांसच जड जातो. आणि ज्या घरचे अन्न आपण खातो, त्या घरची भाषा रोज थोडी शिकावी. बिनपगारी मास्तरास मिळणारे वेतन ते हेच.

राहिला घरच्यांचा प्रश्न, फुकट मास्तरकी कशासाठी. नांदेडच्या त्या मास्तरांनी काय मिळविले ते आम्ही सांगू शकत नाही. इतके ठाऊक आहे की आमच्या घरात गड्यास व मोलकरणीस एकेरी हाक मारण्याची चाल त्यानंतर कमी झाली. बंद झाली, असे अजूनही म्हणवत नाही.