धोकादायक कोणाला?

'चुकूनही जाऊ नका अशी जगातली दहा धोकादायक बेटं.' ही यादी कुठल्या ना कुठल्या रीलमधून तुमच्यापर्यंत पोचली असेलच. त्यात ब्राझीलचं सापांचं बेट हमखास असतं आणि आपल्या अंदमानातलं उत्तर सेंटिनेलही. माझं भांडण त्यातल्या एकाच शब्दाशी आहे. धोकादायक म्हणजे नक्की कोणाला?

आधी सापांचं बघू. त्या बेटावरचा सोनेरी विषारी साप जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. तस्कर तो चोरून विकतात आणि आज त्याची जात नष्ट व्हायच्या बेतात आहे. ब्राझील सरकारने तिथे सामान्य माणसाला बंदी केली, ती जेवढी आपल्यासाठी तेवढीच त्या सापासाठीही आहे. रीलमध्ये हे सांगत नाहीत, कारण भीती विकली जाते आणि कीव विकली जात नाही.

आता सेंटिनेल. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन हा इंग्रज अधिकारी तिथे उतरला आणि एक वृद्ध जोडपं व चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला घेऊन आला. सगळे आजारी पडले. दोघं म्हातारे गेले. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं, बहुधा आजारासकट. शेजारच्या बेटांवरच्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं ते तर आकड्यांतच दिसतं. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा ते हजारोंनी होते. १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले आणि १९६१ मध्ये १९. हे होडी किनाऱ्याला लागू दिल्याचे परिणाम. बाण मारणारे सेंटिनेली मात्र अजून आहेत. मग रानटी कोण आणि शहाणं कोण?

२०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी मच्छीमारांना पैसे देऊन तिथे गेला. पहिल्या दिवशी आलेला बाण त्याच्या बायबलमध्ये घुसला आणि तो मागे फिरला. इतका स्पष्ट इशारा मिळूनही तो पुन्हा गेला आणि मारला गेला. त्याच्या मृत्यूचं मला दुःख आहे. पण मथळे आले ते 'खुनी बेट' असे, आणि मग त्या नावाची भुरळ पडणारच. मार्च २०२५ मध्ये दुसरा एक अमेरिकन तरुण तिथे उतरला, किनाऱ्यावर डाएट कोकचा कॅन आणि नारळ ठेवला, व्हिडिओ काढला आणि परतल्यावर पकडला गेला. 'जाऊ नका' असं ओरडणाऱ्या याद्या असं आमंत्रणच देत असतात.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखाद्या सर्व्हरने तुम्हाला आत घेतलं नाही, तर तो सर्व्हर 'धोकादायक' ठरत नाही. तुम्हाला परवानगी नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथे तर परवानगी त्या लोकांनीही नाकारली आहे आणि १९५६ पासूनच्या कायद्यानेही. आजूबाजूच्या पाच सागरी मैलांच्या पट्ट्यातही जायला मनाई आहे.

यावर एक युक्तिवाद ठरलेला असतो: 'म्हणजे त्यांना औषधं, शाळा, मोबाइल काहीच मिळू नये का?' मिळावं, त्यांनी मागितलं तर. ४ जानेवारी १९९१ रोजी मधुमाला चट्टोपाध्याय यांचा गट तिथे गेला तेव्हा त्यांनी पाण्यात उतरून नारळ घेतले. म्हणजे कोणाला जवळ येऊ द्यायचं आणि किती, हे त्यांना कळतं. आपल्याला मात्र 'नाही' ऐकता येत नाही.

हे सगळं परदेशी आगाऊ पोरांपुरतं असतं तर मी लिहिलंच नसतं. पण मराठी माणूस अंदमानला हौसेने जातो. सेल्युलर जेल बघतो, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत उभा राहतो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला. तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. तो अजून चालू आहे. २०१२ मध्ये तिथल्या जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगाने पाहिला. तरीही परतलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न 'जारवा दिसले का?' हाच असतो. वाघ दिसला का, अशा सुरात.

कैदेत टाकलेल्या माणसांसाठी डोळे पुसायचे आणि तासाभरात मोकळ्या माणसांना काचेआडून न्याहाळायला निघायचं, हे मला पटत नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अंदमानला जरूर जा. टूरवाल्याने बाराटांग दाखवलं तर तो दिवस यादीतून काढायला सांगा, आणि का ते त्याला तोंडावर सांगा. गुहा आपल्याकडेही भरपूर आहेत.